कॉक जरासाच उघडला, तरी...

आमच्या फुलसावंगीला कपाशीच्या फवारणीचे दिवस आले, की पाठीवरचे पंप दुरुस्तीला बाहेर निघतात. एका हंगामात ओळखीच्या एका गृहस्थांच्या पंपाची प्लास्टिकची टाकी गळत होती. कुठून, ते दिसेना. टायरच्या दुकानात त्यांनी झाकणाचे बारीक भोक बुजवले, टाकीला कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि म्हणाले, "भाऊ, कॉक जरासाच उघड. हलकी हवा पाहिजे."

टाकी फुगली आणि फाटली. झाकण कपाळावर बसले. टाके पडले, डोळा वाचला. मी शेजारीच चहा पीत होतो. आयटीआयमध्ये वर्षानुवर्षे फिटरचे काम शिकवलेला माणूस, पण वेळेवर ओरडलो नाही.

कॉक थोडा उघडला म्हणजे हवा हळू येते. तिचा दाब कमी होत नाही. वाट मोकळी असेपर्यंत हवा हलकी वाटते. पुढे तोंड बंद असेल, तर दाब चढत चढत थेट कॉम्प्रेसरइतका होऊ पाहतो. तिथे असतो चौरस सेंटीमीटरला 8 किलोच्या आसपास. टाकीची एक बाजू 30 बाय 40 सेंटीमीटरची धरा. नुसता अर्धा किलो दाब झाला, तरी त्या बाजूवर 600 किलोचा रेटा येतो. सहा क्विंटल कापूसच म्हणा ना!

दाब खरोखर उतरवतो तो रेग्युलेटर. तुमच्या स्वयंपाकघरात तो आहेच. गॅसच्या सिलिंडरमधला दाब हवामानाप्रमाणे कित्येक किलो असतो. शेगडीकडे जातो तो जेमतेम 30 ग्रॅम. आत रबराचा पडदा, एका बाजूला स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली झडप. शेगडीकडचा दाब वाढला, की पडदा स्प्रिंगला रेटतो आणि झडप मिटते. उतरला, की स्प्रिंग ती उघडते. शेगडी बंद केली तरी नळी फुगत नाही, ती यामुळे. रेग्युलेटरवरचे बारीक छिद्र पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा मिळावी म्हणून असते. ते बुजवू नका. हा रेग्युलेटर मात्र कॉम्प्रेसरला लावायचा नाही. तिथे हवेचाच हवा, आणि इतका कमी दाब हवा असेल तर एकापुढे एक दोन: पहिला किलोपर्यंत आणतो, दुसरा ग्रॅमपर्यंत.

त्याच्या जोडीला पाण्याची बादली ठेवावी. नळीला फाटा काढून एक रुंद नळी पाण्यात 20 सेंटीमीटर बुडवायची. दाब 20 ग्रॅमच्या वर जाऊ लागला, की हवा बुडबुड्यांनी निघून जाते. भरलेल्या टाकीच्या तळाला एरवी याहून जास्त दाब असतो.

खरे तर टाकी धुऊन, पाण्याने भरून कोरड्या कागदावर ठेवली असती, तरी गळती सापडली असती. हे मला त्या गृहस्थांना दवाखान्यात नेताना सुचले.