टाकीतला हिरवा गालिचा: आधी एक ट्रे, मग कर्जाचा विचार



उत्तनच्या एका गटाच्या बैठकीत एका मावशीने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेची टाकी, आत बारीक मासे आणि तळाला हिरवंगार गवत, जणू गालिचाच अंथरलाय. मावशी म्हणाल्या, "हे घरी वाढवून दुकानात दिलं तर? गटातून पंधरा हजार उचलते."

प्रश्न बरोबर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, विकायला ताजी मासळी नसते, पण घरखर्च काही थांबत नाही. तरी उत्तर देण्याआधी मला माझी फजिती सांगावी लागली. मी आपल्या केंद्रातल्या टाकीसाठी 'क्यूबा' नावाची सगळ्यात नाजूक पानांची वनस्पती आणली होती. दुकानदार म्हणाला, कुठेही लागते. तीन आठवड्यांत ती पिवळी पडली, सुटून वर तरंगायला लागली. पैसे पाण्यात गेले! नंतर अभ्यास केला, तो इथे मांडते.

फोटो बघून नाही, उजेड बघून निवडा

गालिच्याची झाडं बुटकी असतात आणि टाकीच्या तळाशी असतात. वरचा उजेड पाण्यातून खाली जाईपर्यंत कमी होतो. उजेड कमी पडला की झाड आडवं पसरायचं सोडून उंच, बारीक वाढतं. म्हणून टाकी उथळ हवी, बारा ते पंधरा इंच उंचीची.

१) क्यूबा आणि ग्लॉसोस्टिग्मा: दिसायला सुंदर, पण जोरदार दिवा आणि सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड गॅस लागतो. नवीन माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये.

२) मॉन्टे कार्लो: गोल बारीक पानं. चांगला उजेड असेल तर गॅसशिवायही चालते, मात्र हळू पसरते.

३) ड्वार्फ हेअरग्रास: केसासारखं बारीक गवत. मातीखालून धावते सोडत पसरतं. गॅस नसेल तर गालिचा व्हायला काही महिने लागतात.

४) मार्सिलिया आणि बुटकी सॅजिटेरिया: या सगळ्यात सोशिक. भाताच्या खाचरात चार पानांची, लवंगी फुलीसारखी दिसणारी वनस्पती आपण पाहिली आहे ना, मार्सिलिया तिच्याच कुळातली. मात्र ती पाण्याखाली गेली की पुष्कळदा एकच पान काढते, तेव्हा "वेगळंच झाड दिलं" म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

सुरुवात तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकाराने करा.

वाढवायचं पाण्याबाहेर

खरी गंमत इथे आहे. यातली बरीच झाडं मुळात ओढ्याच्या, तळ्याच्या काठची. ती पाण्याखाली जगतात, पण ओल्या मातीत, दमट हवेत जास्त जोमाने वाढतात. मोठे उत्पादकही असंच वाढवतात. आणि दमट हवा आपल्याकडे पावसाळ्यात फुकट मिळते, नेमकी बंदीच्या दिवसांत!

- भोक नसलेला उथळ प्लास्टिकचा ट्रे घ्या. तळाला गांडूळखताचा पातळ थर, वर दोन इंच बारीक धुतलेली रेती.
- किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, शिवाय ती उचलायला कायद्याने बंदी आहे.
- कुंडीतल्या रोपाचे बोटाच्या पेराएवढे झुपके करा. एकेक इंचावर चिमट्याने लावा.
- पाणी रेतीच्या पृष्ठभागाच्या जरा खालीच ठेवा. वर पाणी साचलं तर डास होतील.
- वर पारदर्शक प्लास्टिक झाका. रोज दहा मिनिटं उघडा, नाहीतर बुरशी धरते.
- सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको.

साधारण दीड-दोन महिन्यांत ट्रे भरायला लागतो.

पाण्याकडे लक्ष द्या. खाडीजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर वापरू नका. पावसाचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घाला.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

ट्रेमधलं झाड टाकीत गेलं की जुनी पानं गळतात, मग पाण्यातली नवी येतात. हे आधीच सांगा, म्हणजे तक्रार येणार नाही. दिवा सहा ते आठ तासच लावा, जास्त लावला तर शेवाळ येतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. गोल्डफिश ठेवू नका, ते रेती उकरतात. गप्पी चालतात.

उरलेली झाडं खाडीत, ओढ्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नका. जलपर्णीसुद्धा शोभेची म्हणूनच परदेशातून आली होती. आज तिने नद्यांचं काय केलंय ते आपण बघतोच. कापलेली झाडं उन्हात वाळवून खतात टाका.

आता पैशाचं

क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याकडे अॅक्वेरियमची दुकानं आहेत. आधी तीन दुकानांत जाऊन विचारा: कोणती वनस्पती घेता, काय भावाने, महिन्याला किती? वहीत लिहा. उत्तर मिळेपर्यंत कर्ज नको. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटसाठी महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केली होती. पण ती माशांच्या युनिटसाठी. सध्या अर्ज घेतात का, ते ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

त्या मावशींनी पंधरा हजार उचलले नाहीत. हेअरग्रासची एकच कुंडी आणली, तीही स्वतःच्या पैशाने, आणि दोन ट्रेमध्ये लावली. ट्रे भरले तर पुढच्या बैठकीत गटाने हिशोब मांडून ठरवायचं. नाही भरले तर एका कुंडीचंच नुकसान, गटाच्या बचतीचं नाही.

कुणाला बघायचं असेल तर बैठकीच्या दिवशी सांगा, आपण मिळून जाऊ.