स्क्रॅबलचा डाव लिहायचा कसा?

बुद्धिबळाचे डाव संगणकाला वाचता यावेत म्हणून १९९३ मध्ये ‘पीजीएन’ हा फाइल-प्रकार आला. तिथे काम सोपं. मोहरी पटावर उघडीच असतात, खेळी लिहिली की झालं. स्क्रॅबलचं अर्धं मर्म मात्र हातातल्या सात टाइल्समध्ये दडलेलं. त्या नोंदवल्या नाहीत, तर खेळाडूने कोणता चांगला शब्द हुकवला हे कळणार कसं? म्हणून ‘जीसीजी’ या प्रचलित फाइलीत खेळीच्या ओळीत खेळाडू, हातातली अक्षरं, जागा, शब्द, गुण आणि एकूण बेरीज येते. जागेची युक्ती झकास आहे: पटावरच्या आडव्या ओळीचा आकडा आधी तर शब्द आडवा, उभ्या स्तंभाचं अक्षर आधी तर उभा. कोरी टाइल कोणतंही अक्षर म्हणून चालते; तिचं अक्षर लहान लिपीत लिहितात. प्रतिस्पर्ध्याच्या आक्षेपानंतर शब्द उचलावा लागला, तरी ती ओळ पुसत नाहीत. खाली माघारीची नवी ओळ येते. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

स्पॅनिश संचात मात्र ‘सी-एच’ मिळून एकच टाइल असते, आणि एका टाइलला एक अक्षर हा हिशेब कोलमडतो. मराठीत तर युनिकोडमध्ये ‘स्त्री’ला सहा चिन्हं लागतात. मराठी शब्दखेळाची फाइल आखणाऱ्यांनी टाइल म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं.