करार पाच वर्षांचा, खात्री किती दिवसांची?

गणपतीचे दिवस आणि फुटबॉलचा हंगाम साधारण एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास म्हणतो, "एक चेंडू फेकायचे चोवीस कोटी डॉलर! आणि आपण मात्र रात्र-रात्र कोड लिहीत बसायचं." मग हशा पिकतो, "पोराला गणिताऐवजी फुटबॉलच्या क्लासला घाला" असा सल्ला मिळतो आणि विषय मॉर्गेजच्या दराकडे वळतो.

वाचकहो, पैशाच्या या पानावर फुटबॉल कशाला, असे काहींना वाटेल. पण करार वाचायचा कसा, हे शिकण्यासाठी एनएफएलच्या करारांइतका चांगला नमुना मला तरी दुसरा सापडलेला नाही. बातमीत छापून येतो तो आकडा आणि खेळाडूच्या बँकेत जमा होतो तो आकडा, यांच्यात कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेसबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये पाच वर्षांचा करार म्हटला की बहुधा पाच वर्षांचे पैसे मिळतात, मग खेळाडू बाकावर का बसेना. फुटबॉलमध्ये बहुतेक करारांतली पुढच्या वर्षांची रक्कम 'गॅरंटीड' नसते. क्लबला नको झाला की खेळाडूला मोकळे करता येते आणि उरलेली वर्षे कागदावरच राहतात. खेळाडूला मात्र मनात आले म्हणून दुसऱ्या क्लबकडे जाता येत नाही. बांधिलकी बरीचशी एकाच बाजूने.

हे सर्वांत उघड दिसते ते ऑगस्टअखेरच्या कपातीत. सराव शिबिरात प्रत्येक क्लबकडे ९० खेळाडू असतात, हंगामाला ठेवता येतात ५३. क्लब ३२. गुणाकार करून पाहा: काही जण दुखापतीच्या यादीत जातात ते सोडले, तरी अकराशेच्या वर तरुणांचे नाव दोन-चार दिवसांत यादीतून जाते. क्लबमधला एक कर्मचारी येऊन सांगतो, "कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये." फुटबॉलच्या बोलीत या निरोप्याला 'टर्क' म्हणतात. आता प्लेबुकच्या जागी आयपॅड परत घेतात, एवढाच बदल. (आमच्या व्यवसायात सकाळी बॅज चालत नाही तेव्हा कळते. त्या मानाने समोर येऊन सांगणारा टर्क मला सभ्य वाटतो.)

कापलेल्या खेळाडूला चार हंगामांचा अनुभव नसेल तर तो आधी 'वेव्हर'वर जातो. म्हणजे साधारण एका दिवसात इतर कोणत्याही क्लबने त्याच्यावर हक्क सांगितला, तर त्याच कराराने त्याला तिकडे जावे लागते. सकाळी फ्लोरिडात, संध्याकाळी मिनेसोटात. कुणीच हक्क सांगितला नाही तर तो मोकळा. त्यातले नशीबवान १६ जणांच्या 'प्रॅक्टिस स्क्वॉड'वर परततात. २०२५ च्या हंगामात नवख्या खेळाडूचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या नवख्याला आठवड्याला १३ हजार. अठरा आठवडे टिकला तर सव्वादोन लाखांच्या वर मिळतात, पण हा करार आठवड्यापुरता. मंगळवारी कुणाचा गुडघा बरा झाला की याची गरज संपली.

अनुभवी खेळाडूंसाठी नियम थोडा दयाळू आहे. चार हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल, तर त्या वर्षाच्या पगाराला संरक्षण मिळते. क्लबांनी याच्यावरही तोड काढली आहे: अशा खेळाडूला पहिल्या सामन्याआधी सोडायचे आणि तो सामना झाल्यावर परत घ्यायचे. खेळाडू तोच, पगार तोच, संरक्षण मात्र गेले. नियमावली वाचून त्यातली फट शोधणारी माणसे सगळीकडे असतात!

आता त्या चोवीस कोटींकडे येऊ. सप्टेंबर २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने क्वार्टरबॅक रसेल विल्सनशी पाच वर्षांची मुदतवाढ केली. छापून आलेला आकडा २४ कोटी ५० लाख डॉलर. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे मुदतवाढीचे पहिले वर्ष सुरू होण्याच्या आधीच, क्लबने त्याला सोडले. दोन हंगामांत त्याच्या हाती डेन्व्हरकडून सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलर पडले. रक्कम लहान नाही. त्याच्यासाठी कुणी अश्रू ढाळावेत असे माझे म्हणणे नाही. पण मधल्या काळात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या करारात एक कलम होते: मार्च २०२४ च्या ठरलेल्या तारखेला तो दुखापतीमुळे वैद्यकीय तपासणीत अनुत्तीर्ण ठरला, तर २०२५ चे ३ कोटी ७० लाख डॉलर क्लबला द्यावेच लागणार. डिसेंबर २०२३ मध्ये दोन सामने शिल्लक असताना त्याला बाकावर बसवले. हे कलम सोडून दे, नाहीतर बसवू, असे आपल्याला हंगामाच्या मध्यावरच सांगितले होते, असे विल्सनने नंतर जाहीरपणे म्हटले. प्रशिक्षक शॉन पेटन यांनी निर्णय खेळाच्या दृष्टीने घेतल्याचे सांगितले. खरे काय ते त्यांना ठाऊक. पण जो मैदानात नाही त्याला मैदानात दुखापत होत नाही, एवढे गणित तर आपल्यालाही कळते.

मग क्लबला फुकट सुटता आले का? नाही. इथे 'सॅलरी कॅप' येते. १९९४ मध्ये ही मर्यादा आली तेव्हा प्रत्येक क्लबला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. सही करताना मिळणारा बोनस खेळाडूला रोख मिळतो, पण क्लबच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. समजा एक कोटी बोनस दिला, तर दर वर्षी वीस लाख खर्ची पडतात. दोन वर्षांनी खेळाडूला सोडले तर उरलेले साठ लाख अंगावर येतात, आणि ती रक्कम खेळत नसलेल्या माणसासाठी मर्यादेतून वजा होते. विल्सनच्या बाबतीत हा भार साडेआठ कोटी डॉलरचा झाला, आणि तो दोन वर्षांत वाटावा लागला. म्हणून जाणकार एकूण आकडा वाचतच नाहीत. ते विचारतात: सही करताना हातात किती, पक्की हमी कितीची, आणि पुढची हमी कोणत्या तारखेला पक्की होते?

याची दुसरी बाजू म्हणजे ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला तो अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू. चार वर्षांचा करार मिळून सुमारे ३७ लाख डॉलर. २०२३ मध्ये ८ लाख ७० हजार पगारावर त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेले. त्याच्यापेक्षा कितीतरी पट कमावणारे बाकावर बसून सामना पाहत होते. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा करार तीन हंगाम संपेपर्यंत बदलता येत नाही, असा नियम आहे. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार मिळाला. पण त्या तीन वर्षांत गुडघा कायमचा गेला असता तर? खेळाडूची सारी किंमत भविष्यकाळात आणि शरीर मात्र वर्तमानकाळात, अशी ही स्थिती.

आणि शरीराचे काय होऊ शकते ते २ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीत लाखो लोकांनी पाहिले. बफेलोचा २४ वर्षांचा डामार हॅमलिन एका टॅकलनंतर उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने हृदय थांबले होते. मैदानावरच सीपीआर आणि डिफिब्रिलेटर मिळाल्यामुळे तो वाचला. (आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये हे यंत्र कुठे लावले आहे, ते पुढच्या कार्यक्रमाला जरूर पाहून ठेवा.) हॅमलिन सहाव्या फेरीत निवडलेला, दुसऱ्या वर्षाचा खेळाडू. त्याचा करार 'स्प्लिट' होता, म्हणजे दुखापतीच्या यादीत गेल्यास पगार कमी दराने मिळणार. क्लबने पुढे होऊन पूर्ण पगार द्यायचे ठरवले, पण तो क्लबचा मोठेपणा. करारात तसे नव्हते. शिवाय लीगचे पेन्शन मिळायला तीन हंगाम भरावे लागतात आणि त्याचे दोनच झाले होते. सुदैवाने तो बरा झाला आणि पुन्हा खेळू लागला.

तीन हंगाम हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची सांगते. लीगच्या मते, पहिल्याच वर्षी अंतिम यादीत आलेला खेळाडू सरासरी सहा वर्षे खेळतो. दोघेही खोटे बोलत नाहीत, फक्त छेद वेगळा आहे: एकाने सगळे मोजले, दुसऱ्याने आधीच निवडून आलेले. म्युच्युअल फंडाची जाहिरात वाचतानाही हा प्रश्न विचारावा, की बुडालेले यात धरलेत का?

१९९६ ते २००३ या काळात ड्राफ्ट झालेल्या खेळाडूंचा एक अभ्यास नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर बारा वर्षांत सुमारे १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरी जाहीर केली होती. मला यातली खरी धक्कादायक गोष्ट वेगळी वाटते: जास्त वर्षे खेळलेले आणि जास्त कमावलेले यांचा धोका फारसा कमी नव्हता. म्हणजे प्रश्न नुसत्या कमाईचा नव्हता. चार वर्षांचा पगार चाळीस वर्षांचा समजून घर, गाड्या आणि नातेवाइकांचे धंदे उभे केले, की काय होते त्याचा हा हिशेब आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे ऑफर लेटर काढून पाहा. एकूण पॅकेजचा मोठा आकडा वर. त्यात चार वर्षांत हाती येणारे शेअर मिळवलेले. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत नोकरी सुटल्यास परत करायचा. आणि शेवटी, बहुतेक राज्यांत, दोन्ही बाजूंना केव्हाही संबंध तोडता येईल ही ओळ. त्यात एच-वन व्हिसा असेल तर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, ही सवलतही २०१७ पासूनची. घराचा हप्ता मात्र तीस वर्षांचा. तो ठरवताना पॅकेजचा आकडा न धरता फक्त मूळ पगार धरा. शेअर हातात आले की मग त्यांचा विचार करा. कंपनीचा डिसॅबिलिटी विमा बहुधा मूळ पगारावरच मोजलेला असतो आणि नोकरीबरोबर संपतो. तेव्हा स्वतंत्र पॉलिसी किती पडते, ते तब्येत ठणठणीत असतानाच विचारून ठेवा. आणि शेअर कोणत्या तारखांना हातात येणार, त्या तारखा फ्रिजवर, मुलांच्या मराठी शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, लावा. घरात दोघांनाही त्या पाठ असू द्या.