नादारीच्या प्रकरणातील वकिलाची निवड

कर्ज फेडण्याचे सामर्थ्य उरले नाही, अशा मनुष्यास कायद्याचा आश्रय घ्यावयाचा तर प्रथम वकील शोधावा लागतो. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यानेच पैसे देऊन सल्ला विकत घ्यावयाचा, हा नादारीच्या कायद्यातील एक जुना विरोधाभास होय. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार महाराष्ट्रातील व्यक्तिगत ऋणकोच्या दृष्टीने करावयाचा आहे. कंपन्यांच्या नादारीचे क्षेत्र निराळे असून तेथील पक्षकारास सल्लागारांची वाण सहसा नसते. त्याचा उल्लेख ओघाने येईल तेवढाच.

प्रथम हे पाहिले पाहिजे की प्रकरण कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या न्यायालयात जाणार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात राहणाऱ्या अथवा तेथे धंदा करणाऱ्या ऋणकोस १९०९ चा इलाखा-शहरे नादारी कायदा लागू पडतो, व त्याची मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते. पुणे, नाशिक, सोलापूर अशा ठिकाणच्या ऋणकोस १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची वाट धरावी लागते. तेथे रिसीव्हर असतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत हे दोन्ही कायदे रद्द करण्याची तरतूद आहे. परंतु व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आणला गेला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास व्यक्तिशः हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात ही मर्यादित अंमलबजावणी वैध ठरविली. म्हणून एखाद्या कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दुकानासाठी कर्ज काढले असेल तर त्याचा मार्ग एक, आणि भावाच्या कंपनीसाठी हमीपत्रावर सही केली असेल तर दुसरा. पहिल्याच भेटीत ‘कर्ज कोणाचे, सही कोणत्या नात्याने केली आणि आपण राहता कोठे,’ हे तीन प्रश्न न विचारणारा वकील या विषयात फारसा वावरलेला नाही, असे समजावयास हरकत नाही.

असा वावरलेला वकील सापडावयाचा कसा? भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वकिलास जाहिरात करण्याची मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर त्यास आपले नाव, पत्ता, सनदेचा तपशील, पात्रता व कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देता येते, त्यापलीकडे नाही. तेव्हा ‘कर्जमुक्तीची खात्री’ देणारा फलक जो लावतो तो एकतर नियम मोडणारा वकील असतो किंवा मुळात वकीलच नसतो. दुसऱ्या प्रकारची माणसे अलीकडे बरीच वाढली आहेत. सनदेची खातरजमा महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे होऊ शकते. अनुभवाची चौकशी मात्र जेथे ही प्रकरणे चालतात तेथेच केलेली बरी. न्यायालयातील नादारीच्या कामकाजाचा बोर्ड काही दिवस पाहिला तरी तीच ती नावे डोळ्यांपुढे येतात. हा उपाय कष्टाचा असला तरी परिचितांच्या शिफारशीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. कारण आपण नादार झालो होतो हे सांगून वकिलाचे नाव सुचविणारा परिचित आपल्या समाजात विरळाच.

मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सॉलिसिटर व कौन्सेल हा कायद्यातील भेद १९७६ च्या दुरुस्तीने गेला, तरी मूळ शाखेतील प्रघात पुष्कळसा टिकून आहे. ज्येष्ठ अधिवक्ता वकीलपत्र घेत नाही, पक्षकाराकडून थेट सूचनाही घेत नाही. म्हणून मोठ्या नावामागे धावण्यापेक्षा कागद तयार करणारा वकील कोण, हे पाहणे नादाराच्या हिताचे असते. नादारीचा अर्ज वक्तृत्वावर जिंकला जात नाही. धनकोंची यादी, येणे-देणे, मालमत्तेचे परिशिष्ट यांच्या बिनचूकपणावर तो उभा राहतो.

आता मुख्य मुद्दा. वकिलाची खरी परीक्षा तो कोणत्या गोष्टीस नकार देतो यावरून होते. घर पत्नीच्या नावे करून मग अर्ज करावा, हा सल्ला ऋणकोस मनापासून ऐकावासा वाटतो व तो देणारेही भेटतात. परंतु प्रांतिक कायद्याच्या ५३ व्या कलमानुसार असे विनामोबदला हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर हस्तांतर करणारा नादार ठरला, तर ते न्यायालयास रद्द करता येते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या मर्जीतल्या धनकोस झुकते माप देण्यासाठी केलेली फेड ५४ व्या कलमाखाली उलटते. १९०९ च्या कायद्यातही अशाच तरतुदी आहेत. मालमत्ता कपटाने लपविणाऱ्यास ६९ व्या कलमाने एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चुकीच्या सल्ल्याने घर तर जातेच, वर ऋणमुक्तीही धोक्यात येते. वकिलाशी झालेले संभाषण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या १३२ व्या कलमाने गोपनीय राहते खरे. पण बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेल्या संभाषणास ते संरक्षण नाही. यास्तव पक्षकाराने झालेले व्यवहार वकिलापाशी निःसंकोच उघड करावेत. नवे रचण्यासाठी मात्र त्याच्याकडे जाऊ नये.

तितकाच महत्त्वाचा दुसरा नकार तारणासंबंधीचा. तारणधारक धनकोचा तारण विकून वसुली करण्याचा हक्क नादारीच्या हुकमाने बाधित होत नाही. ज्याचे राहते घर बँकेकडे गहाण आहे आणि ज्याची सारी धडपड तेच घर वाचविण्याची आहे, त्यास १९२० च्या कायद्याखालील अर्जाचा उपयोग नाही. हे पहिल्या भेटीतच सांगणारा वकील एक पक्षकार गमावतो. या विषयात वकिलाच्या प्रामाणिकपणाची याहून सरळ कसोटी आम्हांस ठाऊक नाही. सरकारचे देणे व कपटाने उत्पन्न झालेले ऋण मुक्ततेनंतरही शिल्लक राहते, हेही त्याने सांगितले पाहिजे.

फीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. निकालावर अवलंबून अथवा वाचलेल्या रकमेच्या शेकड्याने फी ठरविता येत नाही. परिषदेचा नियम तसा आहे व सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बी. सुनीता प्रकरणात त्यास दुजोरा दिला. वकील आगाऊ पैसे मागतो म्हणून त्यास लोभी ठरविणेही योग्य नव्हे. हुकूम झाल्यावर ऋणकोची मालमत्ता त्याची राहत नाही, मग तो देणार कोठून? मात्र ठरलेल्या रकमेत कोणते काम अंतर्भूत आहे हे लेखी असावे. येथे एक खाच आहे. नादार ठरल्याचा हुकूम मिळाला की काम संपले, अशी उभयतांची समजूत असते. वस्तुतः न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी निराळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास ४३ व्या कलमाप्रमाणे मूळ हुकूमच रद्द होतो व धनको पुन्हा दारी येतात. मुक्ततेच्या अर्जापर्यंतचे काम करारात नसेल तर ती स्वस्त फी महागात पडते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लागता मोफत साहाय्य मिळू शकते. ही तरतूद नादारीच्या संदर्भात फारशी कोणी आठवत नाही.

निवड चुकली तर? न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येते. फी बाकी आहे या कारणाने वकिलास कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरले आहे. गैरवर्तनाची तक्रार वकील परिषदेकडे नेता येते. परंतु ग्राहक न्यायमंचाचा मार्ग १४ मे २०२४ च्या निर्णयाने बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा उरतो, आणि तो चालविण्याची ऐपत नादारापाशी क्वचितच असते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने समेट घडविणारे व गावमुनसफ यांच्यापुढे वकिलास उभे राहण्याची मनाई केली होती. कर्जबाजारी कुणब्यास वकिलापासूनही संरक्षण हवे, ही त्यामागील धारणा दिसते. त्याच कायद्यात शेतकऱ्यांच्या नादारीवर स्वतंत्र प्रकरण होते. त्या प्रकरणाचा प्रत्यक्ष उपयोग कोणी व किती केला, याचा शोध पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर येथील जुन्या दिवाणी दप्तरांच्या आधारे एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.