मोरी हलवताय? आधी खाली कोण राहतं ते बघा

कल्याण पूर्वेतली 20 मे 2025 ची दुर्घटना आठवत असेल. चौथ्या मजल्यावर फरशीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला, खालच्या मजल्यांतून आरपार गेला आणि सहा जणांचा जीव गेला. त्या इमारतीची प्रकृती वेगळी, आपल्या इमारतीची वेगळी, मान्य. तरी पावसाळ्याआधी बाथरूम उरकून घ्यायचा हंगाम आला, शेजारच्या ब्रेकरची थरथर पलंगापर्यंत पोचली, की ती बातमी डोक्यातून हलत नाही.

हल्ली या कामांत एक मागणी हमखास असते. काचेचं पार्टिशन, त्याआड शॉवर आणि पाणी जायची जाळी बरोबर त्याच्याखाली. म्हणजे एका कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप उचलून समोरच्या कोपऱ्यात. कंत्राटदाराला मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ दाखवला जातो. एक गडी करवतीने काँक्रीट कापतो, माती उकरतो, पाइप वळवतो, वरून काँक्रीट ओततो. शनिवार-रविवारात काम फत्ते. तिथल्या त्या बैठ्या घराचा स्लॅब जमिनीवरच टेकलेला असतो, हे व्हिडिओत कोण कशाला सांगेल? (आणि तिथेही आत ताण दिलेल्या पोलादी केबल असतील, तर कापायला कुणी सहजासहजी धजावत नाही.) आपल्याकडे कापलं तर माती लागत नाही, खालच्या काकूंचा गीझर दिसतो.

आपली सोय वेगळी आहे. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो. तोच संकन स्लॅब. त्या खड्ड्यात पाइप, त्यावर वीटतुकड्यांचा कोबा, मग लाद्या. चार बाय सातच्या बाथरूममध्ये फूटभर भराव म्हणजे अंदाजे दीड टन वजन, आणि गळती असेल तर ते ओलं. पाइप हलवायचा तर हा भराव उपसा, स्लॅबला हात लावू नका, हे तत्त्व सोपं आहे. पण ब्रेकरला कोबा कुठे संपला आणि स्लॅब कुठे सुरू झाला हे कळत नाही. स्लॅब जेमतेम पाच इंचांचा. म्हणून शेवटचा थर छिन्नी-हातोड्यानेच काढायचा असतो. पदरचे मजुरीचे पैसे जातात, जाऊ द्यावेत.

त्यानंतर गणित उताराचं. सांडपाण्याच्या पाइपला चाळीस इंचांत एक इंच ढाळ धरला, तर ट्रॅप सहा फूट लांब नेल्यावर पावणेदोन इंच तिथेच खर्ची पडतात. शिवाय पाइपची जाडी, ट्रॅपची खोली आणि वास अडवणारं त्यातलं 50 मिलिमीटर पाणी. संकन उथळ असेल तर मिस्त्री निमूटपणे बाथरूमची फरशीच उचलतो. मग उंबरठा नावापुरता उरतो आणि आंघोळीचं पाणी बेडरूमकडे बघू लागतं.

नव्या टॉवरमध्ये तर पुष्कळदा संकन नसतोच. तुमचा पाइप खालच्या बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये लटकलेला असतो. तिथे जाळी हलवायची म्हणजे स्लॅबला नवं भोक, सळया तुटण्याचा धोका आणि काम सगळं दुसऱ्याच्या घरात. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही याशिवाय हा विषय काढूच नये.

माझं मत विचाराल तर नहाणी आहे तिथेच ठेवावी आणि शॉवर तिच्याकडे न्यावा. गार-गरम पाण्याचे पाइप दाबावर चालतात, भिंतीतून कुठेही वळतात. सांडपाण्याला फक्त उतार कळतो. भिंतीलगतची लांब जाळी बसवली तर फरशीला एकाच बाजूला ढाळ देता येतो आणि मोठ्या टाइल्सही फार कापाव्या लागत नाहीत.

तरीही हलवलीच, तर लाद्या बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून किमान 24 तास, जमल्यास 48 तास ठेवा. कंत्राटदार हे दोन दिवस वाचवायला बघेल. तुम्ही मात्र खाली जा, बेल वाजवा आणि काकूंचं छत टॉर्च मारून बघून या.