होलिकेच्या अग्नीस निरोप द्यावा तो कसा?

फाल्गुनी पौर्णिमा आली की घरोघरी पुरणाचा सुवास दरवळतो आणि सूर्यास्तानंतर अंगणातून, चव्हाट्यावरून होलिकापूजन होते. या मंगल समयी आम्हांस महाभारताच्या आश्रमवासिकपर्वातील एक कथा आठवते. धृतराष्ट्र, गांधारी व कुंती यांचा वणव्यात अंत झाला. आपल्या मातेस संस्कारहीन अग्नीने जाळावे, याचा धर्मराजास अनावर शोक झाला. तेव्हा नारदांनी उलगडा केला की, तो अग्नी धृतराष्ट्राच्याच इष्टीचा होता. याजकांनी तो निर्जन वनात टाकला व ते निघून गेले. तोच वाढला आणि त्याने वन पेटविले.

श्रोते येथे दैवगती पाहतात. आम्हांस ते याजक दिसतात. मंत्रपूत अग्नीही शांत न करता सोडला, तर त्याचा दावानल होतो.

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरील एका गावी आम्ही होळीच्या कीर्तनास गेलो होतो. रात्री होळी विझली असे सर्वांनी मानले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वाऱ्याने राख उडाली, निखारे उघडे पडले आणि शेजारच्या उतारावरील गवत पेटले. सायंकाळी एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "बुवा, आता मिरगापर्यंत गुरांना काय घालू?" त्यास द्यावयास आमच्यापाशी एकही श्लोक नव्हता.

वणव्याचे भय सर्वत्र व सर्वकाळ सारखे नसते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २०१९ च्या अहवालात देशातील वनांच्या, अत्यंत आगप्रवण ते अल्प आगप्रवण, अशा पाच श्रेणी केल्या. सुमारे ३६ टक्के वनक्षेत्रास वारंवार आगीचा धोका असल्याचे त्यात नमूद आहे. ही झाली स्थळाची श्रेणी. दिवसाचा धोका मात्र उष्मा, हवेतील ओलावा, वारा आणि किती दिवसांत पाऊस पडला नाही, या चार गोष्टींवरून ठरतो. गवत मुठीत चुरले असता कुरकुरत मोडते आणि वारा पाने उडवितो, तो दिवस जोखमीचा जाणावा. त्यात डोंगराचा चढ असेल तर भय अधिकच. कारण ज्वाळा वरच्या गवतास आधीच तापवितात आणि आग चढावर वेगाने धावते.

होळी रात्री पेटते, तेव्हा हवा थंडावलेली असते; म्हणून आपण निर्धास्त राहतो. खरा धोका धुळवडीच्या दुपारचा! यास्तव काही नियम पाळावेत. होळी लहान असावी. गवताच्या गंज्या, झाडे, विजेच्या तारा यांपासून ती दूर रचावी. सभोवतालचे गवत व पालापाचोळा काढून निदान दहा फूट जमीन उघडी करावी. पाण्याची पिंपे भरून ठेवावीत. वारा सुटला तर केवळ पाच गोवऱ्यांची होळी करावी. पूजेत काही उणे राहत नाही. टायर वा प्लास्टिक अग्नीस अर्पू नये. शेवटी राखेवर पाणी ओतावे, ती उकरावी, पुन्हा ओतावे. राखेजवळ हाताची पालथी बाजू धरली असता ऊब लागली, तर अग्नी अद्याप जागा आहे असे समजावे.

राब भाजणाऱ्या शेतकरी बंधूंनीही हेच पाळावे. डोंगर जाळल्याने गवत चांगले येते, ही समजूत सोडावी. उघडा पडलेला उतार पहिल्याच पावसात आपली माती गमावतो. राखीव वनास आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हाही आहे. वणवा दिसताच वनखात्यास व अग्निशामक दलास कळवावे. एकट्याने वरच्या चढावर धावू नये.

अग्नीस आपण आवाहन करतो, तसे त्याचे विसर्जनही आपलेच कर्तव्य होय. यंदा होळीस नारळ अर्पण करताना शेजारी पाण्याची कळशीही ठेवावी आणि अग्नी पूर्ण शांत झाल्यावरच घरी परतावे, हीच आमची सर्व भाविकांस प्रार्थना.