मिक्सर सांभाळून घेईल, हा भ्रम

थेट प्रक्षेपणात काही बिघडलं की शिव्या बटणं दाबणाऱ्याला बसतात. खरा घोळ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, इनपुट ठरवतानाच झालेला असतो. व्हॉक्टोमिक्सचंच पाहा. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या परिषदांचं चित्रीकरण करणाऱ्या स्वयंसेवकांनी पायथनमध्ये लिहिलेला हा मुक्त व्हिडिओ मिक्सर. डेबियनच्या वार्षिक डेबकॉन्फ परिषदेचा व्हिडिओ चमूही तोच वापरतो. 2023 ची ती परिषद आपल्या कोचीत झाली होती. या मिक्सरमध्ये कोणता कॅमेरा कुठून येणार हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि गैरसमजांचा उगम त्याच फाइलपाशी आहे.

गैरसमज: केबल जोडली की कॅमेरा आपोआप दिसतो.

नाही दिसत. फाइलमध्ये आधी सोर्सची नावं लिहायची: कॅम-1, कॅम-2, आणि स्लाइडसाठी ग्रॅबर. नेटवर्कवरून येणाऱ्या सोर्सना त्याच क्रमानं पोर्ट मिळतात. पहिल्याला 10000, दुसऱ्याला 10001, असे पुढे. आता कोणी हौसेनं ग्रॅबर यादीत वर नेला आणि चित्र पाठवणाऱ्या स्क्रिप्ट तशाच ठेवल्या, तर मिक्सर तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं. फक्त ‘कॅम-1’चं बटण दाबलं की पडद्यावर वक्त्याऐवजी भलतंच चित्र येतं.

गैरसमज: कुठलंही चित्र द्या, मिक्सर जुळवून घेतो.

सगळ्यांत महागात पडणारा हाच. फाइलमधल्या एका ओळीत चित्राचं माप पक्कं केलेलं असतं: 1920 बाय 1080, सेकंदाला 25 फ्रेम, ठरलेला रंगाचा साचा. नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक सोर्सनं त्याच मापात यायचं. आवाजाचंही तसंच, 48,000 हर्ट्झ. माप बसवण्याचं काम मिक्सरच्या अलीकडे, एफएफएमपेग किंवा जीस्ट्रीमर यांसारख्या साधनानं करायचं असतं.

पण तिथेही सगळं फुकटात सुटत नाही. मोबाइल बहुधा 30 फ्रेम देतो, लॅपटॉप 60. तिसाचे पंचवीस करताना दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. स्थिर स्लाइडवर ते कळतही नाही. कॅमेरा मंचावरून हळूच फिरवला की मात्र चित्र ठेचकाळत चालतं. जुन्या कॅमकॉर्डरचं दुखणं वेगळं. त्यांचं इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषांचं, चित्र तसंच आत घेतलं तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. स्क्रिप्टमध्ये डोकं चालवण्याआधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन 25 प्रोग्रेसिव्ह मिळतंय का ते बघावं. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

गैरसमज: गिगाबिट नेटवर्क आहे, तीन कॅमेरे आरामात चालतील.

हिशेब करून बघा. मिक्सरला चित्र न दाबता, कच्चं लागतं. एका फुल एचडी फ्रेमचे सुमारे 31 लाख बाइट होतात. त्याला 25 नं गुणलं की सेकंदाला जवळपास 622 मेगाबिट, तेही एका कॅमेऱ्याचे! त्या तारेत दुसरा कॅमेरा मावणारच नाही. 720 रेषांवर उतरलात तर एकाला सुमारे 276 मेगाबिट लागतात, म्हणजे तीन कसेबसे बसतात. त्यापेक्षा कॅप्चर कार्ड मिक्सरच्याच संगणकात बसवावीत, नाहीतर नेटवर्कवरून दाबलेलं चित्र पाठवून त्याच संगणकावर उलगडावं. दुसऱ्या मार्गात उशीर थोडा वाढतो. व्याख्यानाला चालतं, मैफलीत ओठ आणि सूर यांची फारकत लगेच लक्षात येते.

गैरसमज: चित्र बदललं की आवाजही बदलतो.

बदलत नाही, आणि तेच बरं. कोणत्या सोर्सचा आवाज घ्यायचा हे वेगळं ठरतं. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेची तार एकाच कॅमेऱ्याला द्यावी आणि तोच आवाज कायम ठेवावा.

गैरसमज: स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामरचा प्रांत.

पोर्ट 9999 वर एक ओळ मजकूर पाठवला की चित्र बदलतं. पडद्यावरची बटणंही आतून हेच करतात. त्यामुळे पायपेडलवर किंवा स्वस्तातल्या कीपॅडवर हा हुकूम बसवणं कॉलेजातल्या पोरालाही जमतं. मात्र हे दार विना-पासवर्डचं आहे, म्हणून सभागृहाच्या सार्वजनिक वायफायवर मिक्सर उघडा ठेवू नये.

गैरसमज: ऐनवेळी आणखी एक कॅमेरा जोडता येईल.

फाइल वाचली जाते ती मिक्सर सुरू होताना. नवं नाव घालायचं तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे प्रक्षेपण तुटतं. आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर ‘जरा माझ्या फोनवरचंही दाखवा ना’ म्हणणारा कार्यकर्ता भेटतोच. म्हणून एक जादा सोर्स आदल्या दिवशीच यादीच्या शेवटी लिहून ठेवा. शेवटीच लिहा, म्हणजे बाकीच्यांचे पोर्ट हलणार नाहीत.